ऐकणाऱ्यांची शाळा

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला गुरुचरित्राचा सप्ताह बसला की दुसऱ्या दिवशीच्या वाचनात गावाचं स्वतःचं नाव येतं. सात दिवसांच्या पारायणाची रूढ वाटणी अशी की, दुसऱ्या दिवशी दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे अध्याय वाचायचे. त्यातल्या अकराव्यात नृसिंह सरस्वतींचा जन्म याच करंजनगरात होतो. पंधराव्यात गुरू शिष्यांना तीर्थाटनाला धाडतात आणि धाडताना नद्यांची, संगमांची, क्षेत्रांची लांबलचक यादी सांगतात. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांनी पिढ्यानपिढ्या पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, नकाशा तर पाहिलाच नव्हता. तरी कोणत्या क्षेत्राशी कोणती नदी वाहते, हे त्यांना सांगता येई. गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांना भूगोल शिकवायचा नव्हता, पुण्य सांगायचं होतं. पण वऱ्हाडातल्या एका मोठ्या समूहाला देशाच्या नद्यांची पहिली ओळख झाली ती अशी, कानावाटे.

इतिहास-भूगोलाचे ध्वनिपाठ, मोबाइलवर धडा लावून केलेली उजळणी, रेडिओवरची शाळा हे सगळं आजच्या यंत्रांमुळे आलं, असं सहज वाटतं. वाशिम आणि भोवतालच्या वऱ्हाडाकडे पाहिलं तर ऐकून शिकण्याची इथली वाट फार जुनी आहे. शाळेनं ती मध्येच सोडली आणि पुन्हा धरायला तिला बराच काळ लागला.

घराघरातला परवचा हा या वाटेचा सर्वांना ठाऊक असलेला टप्पा. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं देवापुढे बसत. शुभंकरोती झालं की वार, तिथी, महिने, ऋतू, सत्तावीस नक्षत्रं, मग पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. साडेतीनच्या पटीतली औटकी आज कुणाला म्हणता येणार नाही, पण बाजारहाटाला ती लागे म्हणून दहा वर्षांच्या पोराला ती तोंडपाठ असे. परवचा म्हणणारं मूल एकटं नसे, हे इथे महत्त्वाचं. चुलीपाशी बसलेली आजी ऐकत असे. तिला अक्षरओळख नसली तरी पुष्यानंतर आश्लेषा गळाली की ती तिथेच थांबवी आणि मागून म्हणायला लावी. अर्थात हा परवचा प्रत्येक घरात नव्हता. पंतोजीच्या शाळेत ज्यांना प्रवेशच नव्हता त्यांच्या घरी पावकी-निमकी पोचलीच नाही. त्यांच्या कानांनी दुसरे शिक्षक शोधले, आणि ते शिक्षक इतिहासाच्या बाबतीत पंतोजीपेक्षा श्रीमंत होते.

पंतोजीच्या शाळेत इतिहास आणि भूगोल हे विषयच नव्हते. धूळपाटीवरची बाराखडी, मोडी अक्षर, हिशेब, पाठांतर एवढ्यावर शाळा संपे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, पुढे सरकारी शाळा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर हे दोन विषय छापील पुस्तकांतून आले. मराठीत त्याची तयारी मुंबई-पुण्याकडे आधीच झाली होती. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचा कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी केलेला मराठी अनुवाद विद्यार्थ्यांच्या हाती होता; बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोलावर शालेय पुस्तक लिहिलं होतं. पुस्तक आलं, त्यामागोमाग परीक्षा आली. मग मुलांनी परवच्याची जुनी सवय नव्या विषयाला लावली आणि सनावळ्या, राजांची नावं, नद्या, बंदरं घोकायला सुरुवात केली. परवच्याला ताल होता, ऐकणारं माणूस होतं. या घोकंपट्टीत दोन्ही नव्हतं. इतिहास म्हणजे नुसतं पाठांतर, ही तक्रार इथून सुरू झाली आणि आजही प्रत्येक पालकसभेत ऐकू येते.

शाळेबाहेरचा इतिहास मात्र बोलत राहिला. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासानं पोवाडा रचला तो त्या घटनेच्या काळातच. तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा गावोगाव गायला जाई. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अॅकवर्थ यांनी हे पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले, तोवर ते शाहिरांच्या गळ्यात आणि लोकांच्या कानांतच जगले होते. पोवाड्याची बांधणी पाहिली की ते टिकले कसे हे कळतं. शाहीर कडव्याचा चढ गातो आणि मागचे झीलकरी सूर उचलतात. त्या उचलण्यात ऐकणाऱ्याला क्षणभर सवड मिळते, आधीचं वाक्य मनात बसतं, पुढच्याची उत्सुकता वाटते. पोवाड्यात सन-तारीख बहुधा नसते. कोण आला, कुठून आला, का आला आणि मग काय झालं, हे मात्र पक्कं असतं. कानाला क्रम आणि कारण चांगलं धरता येतं. आकडा धरायचा तर त्याला पाढ्यासारखी चाल लागते.

वाशिमच्याच मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. या समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी तिथे आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या या समाजाची गोरबोली लिहिण्यासाठी स्वतःची लिपी नाही. मग कुळं कोणती, गोत कोणतं, तांडा कुठून कुठे गेला, हे जपलं कुणी? ढाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या भाटांनी. ढाडी वंशावळ गातो आणि ज्याच्या वंशाची गातो तो समोर बसून ऐकतो. चूक झाली तर तोच पहिला बोलणार. ही इतिहासाची उजळणीच आहे, आणि ती तपासणाराही तिथेच बसलेला आहे.

या सगळ्यांहून थक्क करणारी गोष्ट वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला घडली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटानं तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारलं, मग ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन ते पडताळलं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे यादवांचं राज्य कोसळलं, धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ संपायचा, पण तो काहींना मुखोद्गत होता. हिराइसा नावाच्या महानुभाव साधिकेनं आणि इतरांनी तो आठवून पुन्हा सांगितला, आणि आज अभ्यासक लीळाचरित्राचे जे वेगवेगळे पाठ लावतात त्यांत तिच्या नावाचा पाठ आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ एका बाईच्या आणि तिच्यासारख्या इतरांच्या स्मरणशक्तीवर तरला, हे शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत यायला हवं. याच परंपरेत स्थानपोथी झाली. चक्रधर कोणत्या गावी राहिले, देऊळ कुठल्या दिशेला, दार कुणीकडे, ओटा कुठे, हे त्यात नोंदलेलं आहे. मराठीतला हा अगदी सुरुवातीचा स्थळवर्णनाचा ग्रंथ, आणि त्याचं मूळ ऐकीव आठवणींतच.

विसाव्या शतकात या ऐकवण्याच्या कलेला वऱ्हाडानंच एक मोठा माणूस दिला. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. बाबा विचारायचे, लोक एका सुरात उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे. ऐकणाऱ्याला मुकं बसू द्यायचंच नाही, अशी ती रीत. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत बांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आणि पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. ते ध्वनिमुद्रण आजही लोक ऐकतात. ध्वनिपाठ तयार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं ते एकदा शांत बसून ऐकावं. प्रश्न किती लहान आहेत, त्यांच्यानंतर बाबा किती वेळ थांबतात, उत्तर अर्धवट आलं तर तोच प्रश्न कसा फिरवून विचारतात, हे त्यात स्पष्ट ऐकू येतं. कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळणार नाही इतकं शिक्षणशास्त्र त्या एका कीर्तनात आहे.

ऐकणाऱ्याला मुकं बसू द्यायचं नाही, हे रेडिओ आला तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. मुंबईचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं, नागपूरचं जुलै १९४८ मध्ये. शाळांसाठी कार्यक्रम त्या आधीच मोठ्या शहरांतून सुरू झाले होते. पण शाळेतला रेडिओ म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतली जपून ठेवलेली वस्तू. कार्यक्रमाची वेळ आकाशवाणीची, तासिका शाळेची. दोन्हींचा मेळ बसला तरी सातवीचा धडा लागायच्या दिवशी सातवीत तो आठवड्यापूर्वीच होऊन गेलेला. आणि पेटीतला आवाज एकदा पुढे गेला की गेला. मूल मध्येच हात वर करून विचारणार कुणाला? शालेय प्रसारण नेटानं चालू राहिलं, अनेक चांगल्या लेखकांनी त्यासाठी लिहिलं, तरी ते शाळेच्या रोजच्या कामात कधी मुरलं नाही.

तेच माध्यम मोठ्या माणसांसाठी वापरताना महाराष्ट्रात एक प्रयोग झाला आणि त्यानं मर्म शोधून काढलं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे आकाशवाणीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ श्रोतृमंडळं काढली. गावकऱ्यांचं पंधरा-वीस जणांचं मंडळ ठरलेल्या संध्याकाळी रेडिओपाशी बसे, शेती, आरोग्य, सहकार अशा विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके, मग त्यावर चर्चा करी. चर्चेतून निघालेले प्रश्न पुण्याला जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली याची पाहणी झाली. श्रोतृमंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली होती. रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशा गावांत भर पडली ती बेताचीच. यंत्र दोन्हीकडे सारखं होतं. फरक पडला तो ऐकून झाल्यावर बोलण्यानं.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्जला दूरदूरच्या पशुपालक वस्त्यांवरच्या मुलांसाठी हवेतली शाळा भरू लागली होती. १९५१ पासून तिथे दोन्ही बाजूंनी बोलता येणारे रेडिओ वापरले जात. बाई विचारीत, शेकडो मैलांवरून मूल उत्तर देई. असे संच गरीब देशांना परवडणारे नव्हते. निकाराग्वात १९७४ मध्ये सुरू झालेल्या गणिताच्या रेडिओपाठांनी साधा उपाय काढला. आवाज प्रश्न विचारतो आणि काही क्षण गप्प राहतो. तेवढ्या वेळात वर्गातली मुलं मोठ्यानं उत्तर देतात. मग आवाज बरोबर उत्तर सांगतो. पलीकडे कुणी ऐकत नसलं तरी मुलाला वाटतं आपण बोललो आणि आपल्याला प्रतिसाद मिळाला. झीलकऱ्यांनी आणि गाडगेबाबांनी जे जाणलं होतं, तेच हे शास्त्रशुद्ध रूपात.

महाराष्ट्रात १९८४ पासून पुण्याच्या बालचित्रवाणीनं शालेय कार्यक्रम केले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. दृष्टिहीन विद्यार्थी या काळात कॅसेटवर कुणीतरी वाचून ठेवलेली पाठ्यपुस्तकं ऐकूनच शिकत होते. डोळस मुलांच्या शाळांनी त्यांच्याकडून फारसं काही घेतलं नाही, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे. कॅसेट मागे घेऊन तोच परिच्छेद तीनदा ऐकायचा, थांबवून मनाशी म्हणायचा, मग पुढे जायचं, ही पद्धत या मुलांनी स्वतःची स्वतः घडवली होती.

मग २०२० उजाडलं. करोनामुळे शाळांना कुलपं लागली. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या नावानं राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर येऊ लागला, सह्याद्री वाहिनीवर जुलैमध्ये ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बापाच्या खिशात शेतावर, त्या घराचं काय? विदर्भासाठी नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ लागू लागली. प्रशासन आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून ती चालवली. सातशे-आठशे रुपयांचा रेडिओ, नाहीतर साध्या फोनमधला रेडिओ, एवढ्यावर काम भागे. तिकडे पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशननं ‘बोलकी शाळा’ काढली. ध्वनिक्षेपक गावात न्यायचा, आधी मुद्रित केलेला पाठ लावायचा, मुलं अंतर राखून जमिनीवर बसायची आणि आवाजामागून म्हणायची. ध्वनिक्षेपकासोबत माणसं असत. मुलं त्यांच्याकडे बघत उत्तर देत.

शाळा उघडल्या, पण ऐकण्याची सवय मागे उरली. दहावीची परीक्षा जवळ आली की इतिहास-राज्यशास्त्राच्या ४० आणि भूगोलाच्या ४० गुणांसाठी शिक्षक धड्यांची ध्वनिमुद्रणं वर्गाच्या गटावर टाकतात, मुली घरकाम करता करता आणि मुलं एसटीच्या प्रवासात ती ऐकतात. इतिहासाला हे मानवतं. दहावीच्या पुस्तकात तर ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ नावाचा धडाच आहे आणि त्यात आकाशवाणीची हकिकत आहे. सांगणाऱ्याला गोष्ट सांगता येत असेल तर तो धडा ऐकताना पुस्तकाची आठवणही होत नाही.

भूगोलाचं तसं नाही. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतो. अजस्र कडा, अवर्षण चतुष्कोन, अॅमेझॉनचं खोरं हे शब्द नुसते ऐकून जीभ वळते, पण डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. वाचून दाखवलेला भूगोल पाण्यासारखा वाहून जातो. कामाचा ध्वनिपाठ बोटाला कामाला लावतो. नकाशा उघडा, ब्राझीलच्या वायव्येकडून बोट निघू द्या, पूर्वेला समुद्र लागेपर्यंत नदीबरोबर चला, वाटेत मनॉस लागलं का? थांबा, शोधा, मोठ्यानं सांगा. कान सूचना घेतो, बोट चालतं, तोंड उत्तर देतं. नकाशातलं स्थान मग लक्षात राहतं ते बोटाच्या आठवणीनं.

वाशिमच्या मुलांसाठी असा पाठ परक्या देशापासून सुरू करायची गरज नाही. त्यांचा जिल्हा दोन समुद्रांमधल्या पाणलोटावर बसला आहे. वाशिम तालुक्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरते, अकोल्याच्या बाजूनं पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेकडून रिसोड-वाशिमला लगटून जाणारी पैनगंगा पूर्वेचा रस्ता धरते. अडाण आणि अरुणावतीचं पाणीही तिच्याकडेच जातं. ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एकाच पावसाचं पाणी, गावाच्या उतारानुसार दोन दिशांना. ‘तुझ्या शिवारातला ओढा कुणीकडे वाहतो?’ एवढा प्रश्न विचारून पाठानं गप्प बसावं. मुलाला उत्तरासाठी बाहेर जाऊन पाहावं लागेल.

इतिहासाची सामग्री तर मुबलक आहे. सहावीच्या पुस्तकात वाकाटक राजघराणं येतं. त्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला, वासुदेव विष्णू मिराशींसारख्या अभ्यासकांनी त्याचं संपादन केलं, त्यामुळे या शाखेचा इतिहास उलगडला. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं प्राकृत काव्य ‘हरिविजय’ हरवलं, इतरांनी उद्धृत केलेल्या ओळींपुरतं उरलं. संस्कृत पंडित राजशेखरानं काव्यमीमांसा या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्म नगरात. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय उघडलं आहे. ढाडींचे आवाज, त्यांच्या बोलीतच, मानोऱ्याच्या तांड्यांवरच्या मुलांच्या पाठांत आले पाहिजेत. पहिलीत पाऊल ठेवणाऱ्या त्या मुलांना पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा असते.

आणि एक पाठ घरच्यांना सोबत घेऊन करता येईल. पाठातल्या आवाजानं मुलाला सांगायचं: घरातल्या प्रत्येकाला विचार, तू चौथीत होतास तेव्हा आपला जिल्हा कोणता, राज्य कोणतं? मग पाठ थांबवायचा. इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत वाशिम हा वेगळा जिल्हा होता, तो मोडून बहुतेक भाग अकोल्यात गेला. विदर्भ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग साडेतीन वर्षं द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. तेव्हा ऐंशीच्या घरातली आजी म्हणेल अकोला जिल्हा, राज्य मध्य प्रदेश. वडील म्हणतील अकोला, महाराष्ट्र. आणि या सगळ्यांत वाशिम हेच उत्तर देणारं मूल तेवढं एकटं निघेल, मग ते विचारत सुटेल की आपण सगळे एकाच गावात राहून इतक्या ठिकाणी राहिलो कसे.